१,४२,८५७ : एका संख्येचा परिचय

प्राथमिक शाळेत ७ चा पाढा मुलांना जड जातो आणि ७ ने भागाकार करणे त्याहूनही जड जाते, हा बहुतेक शिक्षकांचा अनुभव आहे. २, ५ व १० या संख्यांच्या बाबतीत शेवटचा अंक पाहून निःशेष भाग जातो की नाही हे सांगता येते. ३ व ९ यांना अंकांच्या बेरजेचा आधार असतो. ७ ला असा सोपा आधार नाही. त्यामुळे ७ म्हणजे उगाच अडवणूक करणारी संख्या, असा समज मुलांच्या मनात लहानपणीच रुजतो.

दशांश अपूर्णांकांचा पाठ सुरू झाला म्हणजे ही अडचण एका विशिष्ट उदाहरणापाशी येऊन ठेपते. १ ला २ ने भागले तर ०.५ येतात, ४ ने भागले तर ०.२५, ५ ने भागले तर ०.२, ८ ने भागले तर ०.१२५. प्रत्येक वेळी बाकी शून्य येते आणि उदाहरण संपते. परंतु १ ला ७ ने भागावयास सांगितले की भागाकार संपतच नाही. चिकाटीचा विद्यार्थी पुढे पुढे भागत जातो. पाटी भरते, तरी बाकी शून्य येत नाही. शेवटी आपलेच काही तरी चुकले असे समजून तो सर्व पुसून टाकतो. पुष्कळदा शिक्षकही “तीन स्थळांपर्यंत उत्तर काढा” असे सांगून पुढील उदाहरणाकडे वळतात. वेळेच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. तथापि त्या मुलाने जे पुसले त्यात चूक नव्हती. त्या पुसलेल्या ओळीत १,४२,८५७ ही गणितातील एक नामांकित संख्या होती. तिचा परिचय शिक्षकांस करून द्यावा आणि तिचे गुण चमत्कार म्हणून न सांगता कारणांसह वर्गात कसे मांडता येतील हे दाखवावे, हा या लेखाचा उद्देश आहे.

संख्येचा उगम

१ ला ७ ने भागताना प्रत्येक पायरीवर बाकीपुढे शून्य मांडून पुन्हा भागावे लागते. त्या पायऱ्या फळ्यावर अशा लिहाव्यात :

१० ला ७ ने भागले : भागाकार १, बाकी ३
३० ला ७ ने भागले : भागाकार ४, बाकी २
२० ला ७ ने भागले : भागाकार २, बाकी ६
६० ला ७ ने भागले : भागाकार ८, बाकी ४
४० ला ७ ने भागले : भागाकार ५, बाकी ५
५० ला ७ ने भागले : भागाकार ७, बाकी १

सहाव्या पायरीस बाकी १ आली. आरंभही १ पासूनच झाला होता. म्हणून यापुढे तेच सहा अंक त्याच क्रमाने पुन्हा येणार, हे प्रत्यक्ष भागाकार न करताही सांगता येते. अशा रीतीने १/७ = ०.१४२८५७१४२८५७… असा आवर्ती दशांश अपूर्णांक मिळतो. त्यातील आवर्ती गट म्हणजेच एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

येथे मुलांना विचारण्याजोगा खरा प्रश्न “उत्तर किती?” हा नसून “अंक पुन्हा का आले?” हा आहे. त्याचे उत्तर पाचवी-सहावीच्या मुलाच्या आटोक्यातील आहे. ७ ने भागताना बाकी ७ पेक्षा लहानच राहते. शून्य बाकी आली तर उदाहरण संपते. ती येत नसेल तर १, २, ३, ४, ५ व ६ या सहाच बाक्या शक्य आहेत. सहा खोल्यांच्या घरात कोणी अखंड फिरत राहिला, तर फार तर सहा खोल्या पाहून झाल्यावर त्यास आधी पाहिलेल्या खोलीत पाऊल ठेवावेच लागते. तसेच येथे आहे. एखादी बाकी दुसऱ्यांदा आली की तेथून सर्व क्रम पुन्हा सुरू होतो.

मग १/८ चा भागाकार का संपतो? दर पायरीस बाकीची दसपट केली जाते आणि १० चे मूळ अवयव २ व ५ हे दोनच आहेत. अतिसंक्षिप्त रूपातील अपूर्णांकाच्या छेदात २ व ५ यांवाचून दुसरा मूळ अवयव नसेल, तरच भागाकार संपतो. छेदात ३, ७, ११ यांसारखा अवयव असेल तर तो कधीही संपत नाही. हा एक नियम समजला म्हणजे भागाकार संपत नाही म्हणून मुलास वाटणारी भीती आपोआप जाते.

गुणाकारातील फेर

आता या संख्येस १ ते ६ पर्यंतच्या संख्यांनी गुणून पाहावे :

१,४२,८५७ × १ = १,४२,८५७
१,४२,८५७ × २ = २,८५,७१४
१,४२,८५७ × ३ = ४,२८,५७१
१,४२,८५७ × ४ = ५,७१,४२८
१,४२,८५७ × ५ = ७,१४,२८५
१,४२,८५७ × ६ = ८,५७,१४२

सहाही गुणाकारांत अंक तेच आहेत आणि त्यांचा क्रमही तोच आहे. केवळ आरंभाचे स्थान बदलले आहे. १, ४, २, ८, ५, ७ हे अंक घड्याळाच्या तबकडीप्रमाणे वर्तुळात मांडले, तर कोणताही गुणाकार त्याच वर्तुळावर निराळ्या जागेपासून वाचता येतो. अशा संख्येस चक्रीय संख्या म्हणतात.

याचे कारण वर दिलेल्या बाक्यांच्या यादीतच आहे. बाक्यांचा क्रम १, ३, २, ६, ४, ५ असा असून त्यानंतर पुन्हा १ येतो. ३/७ काढावयाचे असल्यास भागाकार ३ पासून सुरू होतो. परंतु १/७ काढताना ३ ही बाकी दुसऱ्या पायरीच्या आरंभी येऊन गेलेलीच आहे. म्हणून तेथून पुढचे अंक, म्हणजे ४, २, ८, ५, ७, १, तसेच्या तसे मिळतात. ३/७ हे १/७ च्या तिप्पट असल्यामुळे १,४२,८५७ ची तिप्पटही ४,२८,५७१ च असणार. २ ही बाकी तिसऱ्या पायरीच्या आरंभी आहे, म्हणून दुपटीचा आरंभ २, ८, ५ असा होतो. सारांश, सहा निरनिराळे भागाकार करण्याची गरज नाही. एकाच भागाकारात सातांशांचे सहाही अपूर्णांक सामावलेले आहेत.

सातपट केली तर काय होते? १,४२,८५७ × ७ = ९,९९,९९९. येथे फेर मोडला असे मुलांना वाटेल. वस्तुतः फेराचा पाया येथेच दिसतो. १० लक्षांस ७ ने भागले असता भागाकार १,४२,८५७ व बाकी १ येते, एवढीच गोष्ट हा गुणाकार सांगतो.

सातच्या पुढे आणि वर्षाचे दिवस

८ ने गुणले असता ११,४२,८५६ ही सात अंकी संख्या येते. तिचे शेवटचे सहा अंक, म्हणजे १,४२,८५६, वेगळे काढून त्यांत पुढचा १ मिळवला तर पुन्हा १,४२,८५७ मिळतात. ९ ने गुणले असता १२,८५,७१३ येतात. २,८५,७१३ व १ मिळून २,८५,७१४ होतात, आणि ही मूळ संख्येची दुप्पट होय.

ज्या शिक्षकांनी गुणाकाराचा ताळा नवाने पाहण्याची जुनी रीत शिकवली आहे, त्यांना याचे कारण ताबडतोब ओळखता येईल. १० मधून १ वगळला तर ९ उरतात. म्हणून दशकाचा अंक एककात मिळवला असता संख्येतून ९ चे गट निघून जातात आणि ९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. येथे ९ च्या जागी ९,९९,९९९ आहेत. १० लक्ष काढून १ मिळवणे म्हणजे ९,९९,९९९ वजा करणे, अर्थात मूळ संख्येची सातपट वजा करणे होय. म्हणून ८ पटीची १ पट होते, ९ पटीची २ पट होते आणि हाच क्रम पुढे चालतो.

याचा एक मनोरंजक उपयोग वर्षाच्या दिवसांवर करून दाखवता येतो. १,४२,८५७ ला ३६५ ने गुणले असता ५,२१,४२,८०५ येतात. शेवटचे सहा अंक १,४२,८०५ आणि पुढचे ५२ यांची बेरीज १,४२,८५७, म्हणजे मूळ संख्येची १ पट येते. ३६५ दिवसांत ५२ आठवडे होऊन १ दिवस उरतो. तो ५२ चा आकडा गुणाकाराच्या आरंभी उभा आहे आणि उरलेला १ दिवस बेरजेत दिसतो. प्लुत वर्षाचे ३६६ घेतले तर गुणाकार ५,२२,८५,६६२ येतो. ५२ व २,८५,६६२ यांची बेरीज २,८५,७१४, म्हणजे दुप्पट. साधे वर्ष ओलांडले की तीच तारीख एक वार पुढे जाते आणि २९ फेब्रुवारी मध्ये आली तर दोन वार पुढे जाते, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट या गुणाकारात लपलेली आहे. गुणक फार मोठा नसेल आणि ७ ने निःशेष भागला जात नसेल, तर सहा अंकांपुढील आकडा गुणकास ७ ने भागल्याचा भागाकार दाखवतो.

तुकड्यांच्या बेरजा

या संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे केले तर १४२ + ८५७ = ९९९ होतात. दोन-दोन अंकांचे तीन तुकडे केले तर १४ + २८ + ५७ = ९९ होतात. अंक सुटे करून मिळवले तर १ + ४ + २ + ८ + ५ + ७ = २७ होतात. या तिन्ही गोष्टी एकाच युक्तीने सिद्ध होतात, आणि ती युक्ती भाज्य, भाजक, भागाकार व बाकी यांच्या नेहमीच्या संबंधापलीकडची नाही.

१००० = ७ × १४२ + ६
६००० = ७ × ८५७ + १

या दोन ओळींची बेरीज केली असता ७००० = ७ × (१४२ + ८५७) + ७ असे मिळते. दोन्ही बाजूंस ७ ने भागले म्हणजे १००० = (१४२ + ८५७) + १. म्हणून कंसातील बेरीज ९९९ च असली पाहिजे. त्याचप्रमाणे :

१०० = ७ × १४ + २
२०० = ७ × २८ + ४
४०० = ७ × ५७ + १

बेरीज ७०० = ७ × (१४ + २८ + ५७) + ७. म्हणून कंसातील बेरीज ९९. सुट्या अंकांसाठी सहाही पायऱ्यांची बेरीज घ्यावी. सहा बाक्यांची बेरीज २१, त्यांची दसपट २१०; म्हणून २१० = ७ × (अंकांची बेरीज) + २१, आणि अंकांची बेरीज २७.

दोन अर्धांची बेरीज सर्व नऊ येते, हा गुण ७ पुरताच मर्यादित नाही. २ व ५ यांवाचून अन्य मूळ संख्येने भागून मिळालेल्या आवर्ती गटात अंकांची संख्या सम असेल, तर त्याच्या दोन अर्धांची बेरीज नेहमी सर्व नऊच येते. हा सिद्धांत १८३६ मध्ये मिडी या फ्रेंच गणितज्ञाने प्रसिद्ध केला. वर सांगितलेल्या वर्तुळात समोरासमोर येणारे अंक पाहिले तर १ समोर ८, ४ समोर ५ व २ समोर ७ येतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज ९ होते. लहान वर्गासाठी एवढे निरीक्षणही पुरेसे आहे.

संख्येचे अवयव

९,९९,९९९ = ९९९ × १००१. यांपैकी ९९९ = ३ × ३ × ३ × ३७ आणि १००१ = ७ × ११ × १३. त्यातून ७ हा अवयव काढून टाकला म्हणजे १,४२,८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ असे मूळ अवयव मिळतात. दुसऱ्या शब्दांत १,४२,८५७ = ९९९ × १४३. हा गुणाकार तोंडी करता येतो, कारण १,४३,००० मधून १४३ वजा केले की झाले. या संख्येस निःशेष भागणाऱ्या संख्या, १ व ती संख्या स्वतः धरून, एकूण ३२ आहेत. त्या सर्व शोधून काढण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांच्या गटांस वाटून द्यावे. एकाने शोधलेला विभाजक दुसऱ्याने तपासावा. त्यात भागाकाराचा जेवढा सराव होतो तेवढा वीस सुट्या उदाहरणांनी होत नाही.

संख्येचा वर्ग आणि देवळालीचे एक शिक्षक

१,४२,८५७ चा वर्ग २०,४०,८१,२२,४४९ आहे. या अकरा अंकी संख्येचे शेवटचे सहा अंक तोडून दोन भाग केले तर २०,४०८ आणि १,२२,४४९ असे भाग मिळतात. त्यांची बेरीज पुन्हा १,४२,८५७. अशा संख्या विरळ आहेत. लहान उदाहरणे पाहावयाची तर ४५ चा वर्ग २०२५ व २० + २५ = ४५; ५५ चा वर्ग ३०२५ व ३० + २५ = ५५; २९७ चा वर्ग ८८,२०९ व ८८ + २०९ = २९७. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत या संख्या ‘कापरेकर संख्या’ या नावाने ओळखल्या जातात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. ठाणे येथे शालेय शिक्षण व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेतल्यावर १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. गणितात त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नव्हते. हाती कागद व पेन्सिल एवढेच साधन होते. त्यांचे संशोधन क्षुल्लक आहे असे म्हणणारे विद्वान त्या काळी पुष्कळ होते. तरीही त्यांनी संख्यांचे निरीक्षण सोडले नाही. ६१७४ या संख्येचा त्यांनी लावलेला शोध तर आता शाळकरी मुलांपर्यंत पोहोचला आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली असता फार तर सात वेळांत ६१७४ येते व तेथेच स्थिर राहते. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या कार्यावर लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगास परिचित झाले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

१,४२,८५७ हिच्या अंगी कापरेकर संख्येचा गुण का असावा, हेही सहज दाखवता येते. १,४२,८५६ या मागच्या संख्येस ७ ने निःशेष भाग जातो व भागाकार २०,४०८ येतो. म्हणून १,४२,८५७ × १,४२,८५६ = १,४२,८५७ × ७ × २०,४०८ = ९,९९,९९९ × २०,४०८. यात १,४२,८५७ एकदा मिळवले म्हणजे वर्ग पुरा होतो. आता ९,९९,९९९ × २०,४०८ म्हणजे २०,४०८ गुणिले १० लक्ष, वजा २०,४०८. म्हणून वर्गाच्या आरंभी २०,४०८ उभे राहतात आणि मागे १,४२,८५७ − २०,४०८ = १,२२,४४९ उरतात. दोन्ही भागांची बेरीज मूळ संख्येइतकी का होते, हे यावरून स्पष्ट आहे.

याच जातीच्या मोठ्या संख्या

प्रत्येक मूळ संख्येपासून अशी चक्रीय संख्या मिळतेच असे नाही. १/१३ चा आवर्ती गट ०७६९२३ असा सहाच अंकांचा आहे. १३ ने भागताना बारा बाक्या शक्य असतात. परंतु १ पासून निघाले असता त्यांतील १, १०, ९, १२, ३, ४ या सहाच भेटतात. उरलेल्या सहांचे वेगळे वर्तुळ होते व २/१३ पासून १५३८४६ हा दुसरा गट मिळतो. १७ च्या बाबतीत मात्र सोळाही बाक्या एकाच वर्तुळात येतात :

१/१७ = ०.०५८८२३५२९४११७६४७…

आरंभीचे शून्य धरून हे सोळा अंक होतात. त्यांची दुप्पट १,१७,६४,७०,५८,८२,३५,२९४ ही त्याच वर्तुळावर १ पासून वाचलेली संख्या आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थानांच्या नावांप्रमाणे पाहिले तर हा गुणाकार लक्ष, कोटी, अब्ज, खर्व ही स्थाने ओलांडून ‘अंत्य’ या सोळाव्या स्थानापर्यंत पोहोचतो. एवढ्या मोठ्या संख्येचा गुणाकार हातचे न चुकता करणारा विद्यार्थी आपले उत्तर स्वतःच तपासू शकतो, कारण अंकांचा फेर मोडला असेल तर कोठे तरी चूक झाली आहे.

१०० पेक्षा लहान मूळ संख्यांपैकी ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ व ९७ या नऊ संख्यांना हा गुण आहे. अशा मूळ संख्या अनंत असाव्यात, असा निष्कर्ष ज्यातून निघतो ते अनुमान एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडले. परंतु ते आजवर कोणासही पूर्णपणे सिद्ध करता आलेले नाही. प्राथमिक शाळेतील एका भागाकारापासून निघालेली वाट थोर गणितज्ञांनाही न सुटलेल्या प्रश्नापर्यंत जाते, हे मुलांना अवश्य सांगावे.

वर्तुळाच्या पाठात भेटणारी हीच संख्या

वर्तुळाचा परीघ काढताना २२/७ ही किंमत वापरली जाते. तिचे दशांश रूप ३.१४२८५७१४२८५७… असे आहे. येथे एक दक्षता आवश्यक आहे. परीघ व व्यास यांचे खरे गुणोत्तर ३.१४१५९२… असून त्यात कोणताही गट अखंड आवर्ती होत नाही. ते गुणोत्तर कोणत्याही व्यवहारी अपूर्णांकाने अचूक दाखवता येत नाही, हे लँबर्ट यांनी १७६१ मध्ये सिद्ध केले. २२/७ ही त्याच्या जवळची, परंतु किंचित मोठी किंमत आहे, हे आर्किमिडीजलाही ठाऊक होते. ७ मीटर व्यासाच्या विहिरीचा परीघ या किमतीने २२ मीटर येतो. खरा परीघ त्याहून सुमारे ९ मिलीमीटरने कमी असतो. कठड्याच्या बांधकामात हा फरक कोणी विचारात घेणार नाही. तथापि “म्हणजेच २२/७” असे न सांगता “जवळपास २२/७” असे सांगण्याची सवय शिक्षकांनी ठेवावी.

एक सावधगिरी

अशा संख्यांभोवती शुभाशुभाच्या कल्पना लवकर गोळा होतात. सात वार, सात ऋषी, सात स्वर असे दाखले देऊन या संख्येत काही गूढ शक्ती आहे असे सांगणारेही भेटतात. शिक्षकाने वर्गात या वाटेस जाऊ नये. १,४२,८५७ चा फेर हा ७ आणि १० यांच्या परस्परसंबंधातून निर्माण झाला आहे. माणसाने दहाच्या ऐवजी आठाच्या पटीत संख्या लिहिण्याची पद्धत स्वीकारली असती, तर १/७ हा अपूर्णांक ०.१११… असा लिहिला गेला असता आणि हा फेर दिसलाच नसता. शिवाय गुणाकार करून दाखवून थांबणे व कारण न सांगणे हेही एक प्रकारे चमत्कारच दाखवणे होय. मुलाचे कुतूहल जागे झाले तेथेच काम संपत नाही, “असे का?” या प्रश्नाचे उत्तर त्यास स्वतः शोधता आले म्हणजे ते गणित झाले.

वर्गात करावयाचे उपक्रम

१. लहान वर्गांत सहा मुलांस १, ४, २, ८, ५, ७ या अंकांच्या पाट्या देऊन वर्तुळात उभे करावे. उरलेल्या मुलांनी मूळ संख्येची दुप्पट, तिप्पट वहीत करावी आणि तिचा आरंभ कोणत्या मुलापासून होतो ते दाखवावे. समोरासमोरच्या जोड्यांची बेरीजही घ्यावी.

२. एक रुपया सात मुलांत वाटावयास सांगावा. प्रत्येकास १४ पैसे देऊन २ पैसे उरतात. हे १४ म्हणजे आवर्ती गटाचे पहिले दोन अंक आणि उरलेले २ म्हणजे दुसऱ्या पायरीची बाकी, हे भागाकार मांडून ताडून पाहावे.

३. मधल्या वर्गांत २/७ ते ६/७ हे अपूर्णांक पुन्हा भागाकार न करता, केवळ बाक्यांच्या क्रमावरून लिहावयास सांगावेत.

४. वरच्या वर्गांत १/१३ व १/१७ यांचे भागाकार गटागटाने करून बाक्यांची यादी करावी आणि १३ ची दोन वर्तुळे का होतात हे मुलांकडून वदवून घ्यावे.

५. एकशिक्षकी शाळेत हे चारही उपक्रम एकाच तासास निरनिराळ्या इयत्तांस देता येतात. तासाच्या शेवटी सर्वांची उत्तरे फळ्यावरील एकाच वर्तुळाशी आणून मिळवावीत.

या उपक्रमांस खडू, फळा व पाटी यांवाचून काही साहित्य लागत नाही. लागते ते थोडा वेळ देण्याची तयारी. एखादा मुलगा १ ला ७ ने भागता भागता पाटीच्या कडेपर्यंत गेला, तर त्यास थांबवण्यापूर्वी शिक्षकाने त्याची पाटी एकदा नीट पाहावी. सहाव्या अंकानंतर काय झाले, एवढाच प्रश्न त्यास विचारावा. त्याचे उत्तर तो मुलगा स्वतःच देईल आणि पाटी पुसण्याची त्यास घाई राहणार नाही.